आपल्या घरातला मच्चू

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला आधी आपलं स्वयंपाकघर आठवावं लागतं. कुकरची शिट्टी, आईच्या हातातला झारा, आणि बाहेरच्या खोलीत पेपरामागे बसलेले तुम्ही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी तुम्ही माझ्याकडून तशीच करून घ्यायचात. मी ओट्याजवळ उभी, तुम्ही बाहेर. "शिट्टीच्या वर ऐकू आलं पाहिजे. घशातून नको, पोटातून काढ." मग मी किंचाळायचे आणि तुम्ही पेपर खाली करून हसायचात, अर्ध्या कानडीत म्हणायचात, "स्वल्प हळू! ओरडणाऱ्याला कुणी घाबरत नाही, पुट्टी. प्रश्न विचार आणि गप्प राहा. समोरचा आपणहून बोलायला लागतो." ही विद्या तुम्ही कुठे आणि कुणावर शिकलात, हे विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. क्राइम ब्रँचचा इन्स्पेक्टर मुलीला बोलायला शिकवत होता, मुलगी ढाली जिंकून आणत होती, आणि आपल्या गल्लीतले लोक म्हणत होते की या घराण्याचं नाव पोरगी काढणार.

नाव काढलं. सभा, मोर्चे, कॉलेजांचे हॉल, कुठेही कोठडीतल्या मारहाणीवर किंवा खोट्या पुराव्यावर बोलायचं असलं की लोक मला बोलावतात. गेल्या आठवड्यात महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत काम करणारा पुण्याचा तरुण घरी आला होता. त्याने एक रहस्यकादंबरी लिहिली आहे, बंगळूरमधलीच, नव्वदच्या दशकातली. प्रकाशन उद्या आहे आणि मुख्य भाषण माझं. "मॅम, माझा डिटेक्टिव्ह टोटली ग्रे आहे," तो म्हणाला. "म्हणजे एव्हिडन्स प्लांट करतो, पण मनानं चांगला आहे. वाचकांना तो आवडतोच." मी विचारलं, "आणि ज्याच्याकडे प्लांट करतो तो?" तो जरा गडबडला. "तो... तो सेकंडरी कॅरॅक्टर आहे, मॅम." कादंबरी वाईट नाही. अंधाऱ्या गल्ल्या आहेत, दारू आहे, पाऊस आहे, तपास अधिकाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत. तो बाजारातून नवा सुरा विकत घेतो, हातमोजे घालून पुसतो आणि आरोपीच्या घरात ठेवतो. तिथे मी पुस्तक मिटलं. घाई झालेला माणूस बाजारात जात नाही, हे त्या मुलाला कोण सांगणार? तो घरात हाताशी जे असेल ते उचलतो.

तुम्ही आपला मच्चू उचललात.

बाहेरच्या कुणाला सांगायचं तर नारळ सोलायचा कोयता. पण आपल्या घरात त्याला कानडीप्रमाणे मच्चूच म्हणायचे. तो ओट्याखाली, डाव्या कोपऱ्यात असायचा. त्याची मूठ तुम्ही स्वतः बांधली होती. सायकलच्या काळ्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्यावरून पिवळी वायर फुल्या पडतील अशी फिरवायची आणि शेवटचं टोक आत खुपसून दिसेनासं करायचं. तरुणपणी लाठी अशी बांधायचात, घामेजल्या हातातून घसरू नये म्हणून. पुढे सवयच जडली. उलथनं, हातोडी, करवत, तुमची मोठी छत्री, सगळ्यांना तीच काळी मूठ आणि त्याच पिवळ्या फुल्या. आई चिडवायची, "एक दिवस मलाही गुंडाळून ठेवाल." तुम्ही म्हणायचात, "तुझी पकड सुटत नाही, तुला कशाला?"

हेब्बाळच्या तळ्याकडे एका साइट एजंटचा, म्हणजे प्लॉट विकणाऱ्या दलालाचा, खून झाला ते दिवस. शेतांचे लेआउट पडत होते आणि जमिनीवरून रोज भांडणं होती. एजंट कुणा वजनदार माणसाचा मेहुणा होता, त्यामुळे आपल्या घरचा फोन जेवतानाही वाजायचा आणि तुम्ही उभे राहून बोलायचात: "येस सर. सरी सर." त्याआधीही आपल्या घरी देवनहळ्ळीच्या जमीनदारांकडून पपनसांच्या टोपल्या यायच्या. आई विचारायची, "हे कशाबद्दल?" आणि तुम्ही फोड सोलून तिच्या हातावर ठेवायचात, "खाऊन बघ, गोड आहे." मी ती पपनसं आवडीने खाल्ली आहेत, अण्णा. तुम्ही किती चांगले होता आणि किती नव्हता याचा हिशेब मला आजही नीट मांडता येत नाही. माझ्या तापात रात्र रात्र बसलेला माणूस आणि ते "येस सर" म्हणणारा माणूस एकाच बनियनमध्ये होते.

तुम्ही एका रिक्षावाल्याला पकडलं होतं. एजंटशी त्याचं भर रस्त्यात भांडण झालेलं लोकांनी पाहिलं होतं. हत्यार मात्र सापडत नव्हतं. मग एक दिवस आई ओट्याखाली वाकून म्हणाली, "मच्चू कुठे गेला गं?" तुम्ही बूट घालत होता. "धार गेली होती. लावायला दिलाय." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: टेबलामागे उभे तुम्ही आणि तुमचे साहेब, आणि टेबलावर आरोपीच्या रिक्षाच्या सीटखाली सापडलेलं हत्यार. फोटो काळा-पांढरा होता. पण काळ्या मुठीवरच्या फिकट फुल्या मला शाळेच्या वाचनालयात, मैत्रिणींच्या घोळक्यात उभी असताना दिसल्या. एक मैत्रीण म्हणाली, "ए, तुझे अण्णा हिरोसारखे दिसतायत!" मी हो म्हणाले. संध्याकाळी घरी आले तर तो पेपर फडताळात अंथरलेला होता, फोटोची बाजू खाली. म्हणजे आईनेही पाहिलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळू लागलो, आणि मला तुमच्या बुलेटच्या आवाजाची भीती वाटायला लागली. तुम्ही मला कधी बोट लावलं नव्हतंत. तरी गल्लीच्या तोंडाशी ती गाडी वळली की मी मागच्या दारी जाऊन उभी राहायचे.

मग ती आली. दुपार होती, आई देवळात गेली होती. कडेवर पोर घेतलेली बारीक चणीची बाई दारात उभी. "साहेब आहेत?" नाहीत म्हटलं. "अक्का?" त्याही नाहीत. ती कानडीतच बोलत होती, खूप हळू. "मी रिक्षावाल्याची बायको. भांडायला नाही आले. एवढंच सांगायचं होतं की तो मच्चू आमचा नाही. मला स्टेशनात दाखवला. आमच्या घरी इतका चांगला मच्चू कुठला, अम्मा? आम्ही शेजारणीचा मागून आणतो." पोर रडायला लागलं. तिने पाणी मागितलं. ऊन मरणाचं होतं. मी म्हणाले, आत या.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. मी माठातून पाणी काढलं, वळले, आणि बघते तर ती ओट्याकडे पाहत होती. ओट्यावर उलथनं होतं. भिंतीला छत्री टेकलेली होती. खिळ्याला हातोडी होती. तिची नजर एकेका मुठीवरून गेली, सावकाश, जशी आपण ओळखीची माणसं मोजतो तशी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेला पुढे केला. तिने तो घेतला, पोराला पाणी पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली, पेला उपडा करून उंबऱ्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "आज घरी कुणी आलं होतं?" आणि गप्प राहिलात. तीच तुमची विद्या. आईचा हात भातात थांबला. मी म्हणाले, "त्याची बायको आली होती. आत आली होती. तिने उलथन्याची मूठ पाहिली, अण्णा. छत्रीची पण." आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचा चेहरा घाबरलेला पाहिला. तुम्ही उठलात, हात धुतलात, दाढीचं ब्लेड आणलंत आणि ओट्याशी बसून एकेक मूठ सोलायला लागलात. सोललेल्या पट्ट्या शेगडीत टाकल्यात आणि ट्यूब जळल्याचा वास घरभर झाला. "छत्री कुठाय?" तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, "संध्याकाळी बसमध्ये राहिली." तुम्ही तिच्याकडे बराच वेळ पाहिलंत. मी विचारलं, "त्यानेच केलंय का, अण्णा?" "त्यानेच केलंय. मला माहीत आहे." "कसं माहीत?" "प्रश्न तू विचारायचे नाहीत!" तुम्ही असं माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. ओरडणाऱ्याला कुणी घाबरत नाही म्हणणारे तुम्ही. पण मी घाबरले. कारण त्या क्षणी मला कळलं की खरं बोलून मी त्या बाईला तुमच्या हाती दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लवकर बाहेर पडलात. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी पेपर मागच्या पानापासून वाचायचे, जिथे बेवारस प्रेतांच्या बातम्या येतात. तुम्ही माझे वडील होता आणि मी तुमच्याबद्दल हे समजत होते. रिक्षावाल्याला जन्मठेप झाली त्या दिवशीही मी त्याचं नाव वाचलं नाही, तिचं कुठे येतंय का ते शोधलं. मग एकदा शिवाजीनगरच्या बसमध्ये ती दिसली. जिवंत! मला रडूच आलं. मी गर्दीतून तिच्याकडे सरकले, काय बोलणार होते देव जाणे. तिने मला पाहिलं, आणि पोराला चटकन उचलून खिडकीच्या बाजूला, माझ्यापासून लांब बसवलं. दोन वेण्या घातलेल्या, युनिफॉर्ममधल्या मला ती घाबरली होती. पुढच्याच स्टॉपला उतरली.

तुम्ही त्यानंतर फार जगला नाहीत. छाती धरून बसलात ते उठला नाहीत. मधल्या काळात घरातल्या मुठी उघड्याच राहिल्या. आईला चटके बसायचे, ती फडकं घ्यायची, आणि तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. तुमच्या अंत्ययात्रेला बंदुका झाडल्या. मी दचकले नाही.

आता माझ्या भाषणांबद्दल एक गोष्ट सांगते, ती कुणालाच ठाऊक नाही. माइकपाशी गेले की बोलण्याआधी मी थांबते. लोक म्हणतात, बाईंची ती शांतताच अर्धं भाषण आहे. तरुण मुलं तिची नक्कल करतात. अण्णा, त्या वेळात मी रांगांमधून त्या बाईला शोधत असते. ती बसलेली नाही याची खात्री झाली की मगच मला आवाज फुटतो, आणि मग मी न्यायाबद्दल इतकं पेटून बोलते की लोक उभे राहतात. देशभरच्या खोट्या पंचनाम्यांवर मी बोलले आहे. आपल्या ओट्याखालच्या डाव्या कोपऱ्यावर कधीच नाही.

आज सकाळी आई चहा घेऊन आली. आता तिला नीट दिसत नाही, तरी तुमच्या फोटोची काच रोज पुसते. "उद्या कशावर बोलणार?" तिने विचारलं. मी म्हणाले, "मच्चूवर." तिने कप टेबलावर ठेवला. मला वाटलं, ती म्हणेल की गेलेल्या माणसाचं नाव कशाला घालवतेस. ती आत गेली. लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ खुडबुड झाली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तुमची छत्री होती. कापड कसरीने खाल्लेलं, काड्या गंजलेल्या, मूठ जशीच्या तशी. "नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?" ती म्हणाली. "ही ने. पेपरवाल्यांकडे त्या हत्याराचा फोटो असेल ना कुठेतरी." मी विचारलं, "तेव्हा का नाही दिलीस कुणाला?" "भीती वाटली गं," आई म्हणाली. "तुला नाही वाटत?"

उद्या मी छत्री टेबलावर ठेवीन आणि बोलीन. तो रिक्षावाला सुटला की तुरुंगातच मेला, मला माहीत नाही; उद्यानंतर ते शोधणं मला टाळता येणार नाही. त्यानेच केलं होतं का, हा प्रश्न मी तुम्हाला इतकी वर्षं विचारते आहे, आणि तुम्ही शिकवलंत तशी विचारून गप्प राहते. तुम्ही बोलत नाही.

तुम्हाला लिहिलेला हा कागद आई छत्रीवरची धूळ झटकायला मागते आहे. तिला देऊन टाकीन. मघापासून मी ती मूठ धरून बसले आहे. माझ्या तळव्यांना सारखा घाम येतो आहे, अण्णा, आणि तुमची मूठ हातातून घसरत नाही.