नळाची पितळी चावी

४ फेब्रुवारी

पुन्हा पट्टीचेच क्लिप! तिसऱ्यांदा! बाबांच्या गाडीच्या पाण्याच्या पाइपाला कारखान्यातून दोन तारांचा क्लिप यायचा, हे मी त्या पार्टवाल्याला सांगायचं तरी किती वेळा? फोटो दिला, चित्र काढून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. 'होईल, बघू' — एवढंच त्याचं. मी त्याचं नावच होईलबघू ठेवलंय. वर मलाच म्हणतो, पाणी गळलं नाही म्हणजे झालं की साहेब.

झालं कसं? मला ती रस्त्यावर पळवायची नाहीये. बाबांना ओळखू यायला हवीये.

९ फेब्रुवारी

सकाळी बाबांची दाढी करून देत होतो. माझं मनगट धरून म्हणाले, "मिस्त्री, माझी गाडी कधी देताय?"

वर्ष झालं, मी मिस्त्री आहे. ताई नुसतीच 'बाई'. खिडकीतून शेडमधली गाडी त्यांना रोज दिसते, पण त्यांच्या लेखी ती दुसऱ्याच कुणाची. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या आठवणी सगळ्यात शेवटी जातात. म्हणून म्हटलं, घेतली त्या दिवशी होती तश्शी करायची. बॉनेट उघडल्यावर एक वायसरसुद्धा चुकीचा दिसता कामा नये. एकदा गाडी ओळखली, तर तिच्या मागोमाग कदाचित मलाही —

जाऊ दे. मिस्त्री म्हटलं की डोकं फिरतं माझं. आणि राग काढायचा कुणावर?

१३ फेब्रुवारी

बोल्ट आले. डोक्यावर कंपनीची अक्षरं नाहीत. परत.

२० फेब्रुवारी

बाबांचे जुगाड काढण्यात अख्खा दिवस गेला. काय काय कोंबलंय! सायकलच्या ट्यूबचे तुकडे, डब्याचा पत्रा. आणि एअर फिल्टरच्या झाकणावर, जिथे दोन पंखांचा नट हवा, तिथे चक्क नळाची पितळी चावी! मागून नट डाख देऊन बसवलेला. इंजिनाला नळ! लहानपणी आम्हाला बॉनेटजवळ फिरकू द्यायचे नाहीत ते, म्हणून कधी दिसली नसेल. सगळं पिशवीत भरून दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. तोही हसला.

संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं. "नळ काढलास?" म्हणाली. मग म्हणे, बघ बाबा, तुला कळतं त्यातलं. टोमणा होता का? हिचं कधी कळत नाही.

१ मार्च

काही मिळत नाही. बाबा दोन घास खातात आणि मान फिरवतात. कशासाठी चाललंय हे सगळं, देव जाणे. आज शेडमध्ये गेलोच नाही.

१७ मार्च

होईलबघूनं कमाल केली! कुठलंसं गॅरेज बंद पडलं, त्याच्या फडताळात सापडलं — तारांचे क्लिप, अक्षरांचे बोल्ट, आणि तो पंखांचा नट, अजून तेलकट कागदात! स्वयंपाकघरात उभा राहून हसत बसलो. बायको म्हणाली, आपल्या लग्नात तरी एवढा हसला होतास का?

२६ मार्च

ताई मुद्दाम आली होती. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आवाज शिवणयंत्रासारखा! बंद केली, बाबांची खुर्ची अगदी बॉनेटला टेकवली.

त्यांनी नीट बघितलं. डोळ्यांत काहीतरी हललं. वाटलं, झालं! जिंकलो! उजवा हात उचलून त्यांनी सरळ फिल्टरच्या झाकणावर नेला. बोटं पसरलेली, काहीतरी मोठं, गोल धरायला. पंखांचा नट बोटांना लागला. चाचपला. पुन्हा चाचपला. मग हात मांडीवर.

"छान आहे हो गाडी. पण माझ्या गाडीला नळ होता."

"बाबा, ही तुमचीच आहे."

"फसवू नका, मिस्त्री."

ताईला रडू आवरेना. नंतर तिनं सांगितलं. मी पाळण्यात होतो तेव्हा तो नट वाटेत कुठेतरी पडला. बाबांनी मागच्या दारच्या नळाची चावी काढून बसवली. आई महिनाभर पकडीनं नळ उघडायची आणि बाबांचा उद्धार करायची. ते म्हणायचे, आता ही गाडी कोण चोरणार, चोर नळ बघूनच पळेल! पुढे रोज सकाळी ती चावी फिरवून बघायचे, मगच गाडी काढायचे.

आधी का नाही बोललीस, म्हटलं.

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.

२८ मार्च

भंगारवाला म्हणाला, ते पितळ कधीच भट्टीत गेलं. होईलबघूकडे जाऊन नळाची पितळी चावी मागितली — जुनी, पाच पाकळ्यांची, एक पाकळी तुटकी. चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, कुठल्या मॉडेलची? पुढे 'होईल, बघू' म्हणाला नाही.

सकाळी दाढी करताना बाबांनी मनगट धरलं नाही. गाडीचं विचारलं नाही. मिस्त्रीसुद्धा म्हणाले नाहीत.