मामीच्या विणकामाची त्रेचाळीस पानं

प्रिय भाचीस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तब्येत कशी आहे? पाय सुजत असतील तर उशीवर ठेवून बस (सल्ला मामीचा, मी नुसता लेखनिक). पुढच्या महिन्यात बाळ येणार म्हणून इकडे लोकरीचे गुंडे घरभर लोळताहेत. परवा मी एकावर बसलो. सुई त्यातच होती.

तू कॉलेजात असताना मामीच्या विणकाम-वर्गाची वेबसाइट करून दिलीस, त्याला पंधरा वर्षं झाली. शब्दाशब्दाला कंसातली फॉण्टची खूण लावून तू सगळं गुलाबी आणि बारीक केलंस आणि अख्खं पान एका ओळीत कोंबलंस. (तेव्हा मीच ते शेजारीपाजारी कौतुकानं दाखवत फिरलो, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही.) पण हल्ली फोनवर ती अक्षरं मोहरीएवढी दिसतात. वर्गातल्या बायका फोन नाकाला लावून टाके मोजतात. म्हटलं, व्हिडिओ बघून भिंतीवरचं घड्याळ चालू केलं, तसं हेही करू.

त्यात एक झकास युक्ती सापडली. एकेक खूण हातानं पुसायची नाही, खुणेचा नमुना सांगायचा. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, त्यापुढे चांदणी म्हणजे हवी तितकी अक्षरं. मी फर्मावलं, फॉण्टचा कंस उघडल्यापासून मिटेपर्यंत जे असेल ते उडव, सगळ्या पानांवर एकदम. बटण दाबलं आणि सगळं चकाचक. इतकं की टोपीच्या पानावर ‘टोपी’ आणि मोज्यांच्या पानावर ‘मोजे’ एवढंच उरलं. पहिल्या कंसापासून सुटलेला गडी थेट ओळीतल्या शेवटच्या कंसाला जाऊन थांबला होता, आणि ओळ म्हणजे तर अख्खं पान.

वर्गातल्या एका बाईंचा फोन आला, “नुसतं टोपी लिहिलंय, म्हणजे मनानं विणायची का?” मामीनं फोन ठेवला, माझ्यामागे उभी राहून पडद्यावरचा नमुना वाचला आणि म्हणाली, “चांदणी आमच्यातही असते. चांदणीपासून चांदणीपर्यंत पुन्हा विणा म्हटलं की आम्ही पुढच्या चांदणीला थांबतो, पानाच्या तळापर्यंत धावत नाही. तुमचा गडी अधाशी आहे.” शोधलं तर खरंच त्याला अधाशीच म्हणतात. उपाय एवढाच, की चांदणीपुढे एक प्रश्नचिन्ह टाकायचं. मग तो पहिला मिटता कंस दिसला की थांबतो. (तुम्हालाही जेवताना असं एक लावायला हवं, असं मामीचं मत पडलं.)

आधी प्रती काढून ठेवल्या होत्या (इतकाही बावळट नाही). त्या परत ठेवल्या, नवा नमुना चालवला, आणि काय सांगू, गुलाबी सगळं गेलं, टाका न टाका जागच्या जागी. आता बायका फोन हातभर लांब धरून वाचतात. मी दिवसभर शीळ घालत हिंडलो.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. प्रती काढल्या त्या बेचाळीस पानांच्या. त्रेचाळीसावं, तुझ्या बाळाच्या स्वेटरचं पान मामीपुढे उघडं होतं. चालू कामाला हात लावू नये म्हणून ते सोडलं. हुकूम मात्र त्यालाही लागला. स्वेटरला सध्या एकच बाही आहे. तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ते पान असेल तर गुपचूप पाठव. मामीला मी “दुरुस्ती चालू आहे” सांगून थोपवलंय, तिला पत्ता लागलेला नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून वाचलं. दुसरी बाही मंगळवारीच झाली. तुझा पहिला स्वेटर मी त्याच नमुन्यानं विणला होता, तो हातातच बसलाय. पान मात्र सावकाश पाठव. चार दिवस झाले, मी न सांगता हे भांडी घासताहेत.
— मामी