मी ‘राहू दे’ म्हणाले होते

मी, वय सव्वीस, धंदा क्रेनला इशारे देण्याचा, डावा पाय वगळता धडधाकट आणि डोकं ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे, उद्याच्या शस्त्रक्रियेच्या धास्तीने लिहिते. डॉक्टर म्हणतात, धास्तीचं कारण नाही. आमचे सुरक्षा अधिकारीही असंच म्हणत.

१. माझे हातमोजे आणि शिट्टी दादाला. आमची पहिली शाळा घरातच. बाबा क्रेन चालवत. जेवताना भाजी हवी असली तरी तळहात खाली करून ‘उतरव’ दाखवावं लागे. मूठ आवळली की ‘थांब’. आई म्हणे, “पोरं मुकी करणार आहात का?” बाबा म्हणत, “मूठ चुकीची ऐकू येत नाही.”

२. “मुलीच्या जातीला हे झेपायचं नाही,” हा काकांचा सल्ला काकांना परत. कोरा आहे, वापरलेला नाही.

३. सुरक्षा अधिकाऱ्यांना माझं हेल्मेट. त्यांच्या डोक्यात जपण्याजोगं काही निघालं तर कामाला येईल. हातवारे जुनाट झाले म्हणून यांनीच वॉकीटॉकी दिली आणि मला भिंतीआड उभं केलं, जिथून क्रेनवरच्या दादाला मी दिसत नव्हते.

४. माझी जबानी चौकशी समितीला. तुळई खाली येत होती. मी म्हणाले, “राहू दे.” वॉकीटॉकीच्या खरखरीत दादाला ऐकू आलं, “येऊ दे.” त्याने तुळई उतरवली, माझ्या पायावर. सवयीने मी मूठही आवळली होती. ती फक्त भिंतीने पाहिली. नेमका शब्द कोणता, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे; दरवेळी ‘राहू दे’च. अधिकाऱ्यांचा अहवाल म्हणतो, ‘चालकाने इशाऱ्याविना भार उतरवला.’ अधिकारी फुलं घेऊन आले, फुलांखाली तो अहवाल. “सही कर बाई. दादाचं लायसन तेवढं जाईल.” म्हटलं, “साहेब, फुलं ठेवा, कागद न्या.” दादा मात्र रोज खाटेशी बसून म्हणतो, “माझंच चुकलं गं.” गाढव आहे. समितीने त्याचं खरं धरू नये.

५. मी वाचले तर बाकी कलमं रद्द. चौथं नाही. ते मी समितीपुढे उभी राहून वाचीन; उभं राहता आलं नाही तर बसून.

दादाला यात वाटा असल्याने साक्षीदार म्हणून त्याची सही घेतलेली नाही. तो दाराबाहेर फुगून उभा आहे.

साक्षीदार: वॉर्डच्या सिस्टर (सही), शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिका, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून (सही)
लिहून ठेवणार: (सही)
स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खाट अकरा
दिनांक: १४ मार्च, दुपारी चार