विचुंब्याचा घोडा

३ नोव्हेंबर, सोमवार

घोडा आहे. आज हात लावून पाहिला. शेंदराच्या जाड थराखाली चार पाय, मान, शेजारी कुणीतरी माणूस. माथ्यावरचे चंद्र-सूर्य उघडेच आहेत. म्हणजे वीरगळ — लढताना पडलेल्या माणसाचा दगड. शिलाहारांच्या काळातला, साडेसातशे वर्षांहून जुना. शंका नाही.

विचुंबे गावचा रस्ता रुंद होतोय. दगड आड येतो. महिनाअखेरीस अधिकारी पाहायला येणार. हितेश इथला बिल्डर, गावाच्या समितीचाही तोच प्रमुख. म्हणाला, "मॅडम, दोन पानं लिहा. कॉलेजात शिकवलंय तुम्ही, तुमचं ऐकतील. आणि एक टाका, दगड मूळ जागेवरच आहे. एकदा हललेला असला तर म्हणतील, परत हलवा."

टाकलं.

६ नोव्हेंबर

दगडाची पूजा गुणाबाई करतात. हितेशची आजी, ऐंशीच्या पुढच्या. दर अमावस्येला तेल आणि शेंदूर. शेंदराची खोळ थोडी खरवडू का, विचारलं.

"खोल आपून काढाची नसते. देव सोरतो तवा सुटते."

"आतला घोडा तरी दिसेल, गुणाबाई."

"घोरा कोनी सांगला तुमाला?"

आणि हसल्या. मी समजावत बसले नाही. ती सवय निवृत्तीबरोबर सुटली.

११ नोव्हेंबर

टिपण पूर्ण. दीड पान. एकही विशेषण नाही.

२० नोव्हेंबर, अमावस्या

सकाळी खोळ सुटली. गुणाबाई तेल लावत होत्या, तळहाताएवढा तुकडा हातात आला. मग सगळीच. निम्मं गाव जमलं. नारळ फोडला. खोळ टोपलीत घालून खाडीत सोडायला नेली.

खाली वीर नाही. घोडा नाही. मध्ये सात ओळी अक्षरं. तळाशी गाढव आणि बाई.

गधेगाळ! राजाने दान दिलेली जमीन जो बळकावेल, त्याच्या आईवर गाढव चढेल — ही शिवी, दगडात कोरलेली.

बायका पदराआड हसत होत्या. पुरुषांनी मोबाइल खिशात घातले. हितेश कानाशी आला.

"हे घेऊन साहेबांसमोर उभं राहायचं?"

"राहायचं. वीरगळ पुष्कळ सापडतात. असा लेख सापडत नाही."

"तुम्ही घोडा म्हणाला होता."

"चुकले."

"आम्ही गावच्या कमानीवर घोडा काढायला दिला, मॅडम!"

संध्याकाळी टिपण फाडलं, नवं लिहिलं. पहिल्यापेक्षा चांगलं आहे. 'मूळ जागेवर' ही ओळ ठेवली. जमिनीवरचा शाप त्या जमिनीतच उभा असणार.

२३ नोव्हेंबर

लेखाच्या चार ओळी लागल्या. बाकीच्या झिजल्यात. लागतील.

२६ नोव्हेंबर

दुपारी गुणाबाई आल्या. मी नऊ वर्षं शेजारी राहते, त्या घरी पहिल्यांदाच. लिफ्ट नको म्हणाल्या, तीन मजले चढून आल्या. बाल्कनीत उभ्या राहून खाली पार्किंगकडे बघत राहिल्या.

"ही आमची भातजमीन. दगर तितं व्हता, त्या लाल गारीच्या बाजूला. मालकानं जमीन इकली, तवा उचलून तिकरं नेला."

मालक म्हणजे त्यांचे यजमान. वारले.

"तुम्हाला खालचं चित्र माहीत होतं?"

"सासूनं दावलेलं. बोलली, झाकून ठेव. मंग झाकत रायले."

"शाप कुणाला लागतो, गुणाबाई?"

"इकली आमी. राता तुमी." चहाची बशी खाली ठेवली. "साखर कमी हाय."

२७ नोव्हेंबर

'मूळ जागेवर' खोडलं. हितेशचा फोन — "मग दगड जाणार, मॅडम." जाऊ दे म्हटलं. कुठे न्यायचा तेही टिपणात आहे: आमची इमारत, पार्किंग चौदा, लाल गाडीच्या शेजारी. ती जागा माझ्या नावावर आहे. गाडी मी कधी घेतलीच नाही.