एलोईंची मे महिन्यातली छाटणी

सोलांजताईस, मार्तीनचा नमस्कार. मेरीमाता तुम्हा सर्वांना सांभाळो.

लोकरीचे मोजे आणि खारं लोणी पोचलं. टपालाचे अकरा युरो गेले, एवढा खर्च पुन्हा करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

एलोईंची तब्येत बरी आहे, जेवतात नीट. फक्त आपल्या द्राक्षवेली दोन वर्षांपूर्वी उपटल्या, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. मळ्यांमधल्या खडीच्या वाटेवर मोटारी नसतात, म्हणून मी त्यांना रोज सायकलवर जाऊ देत होते.

मंगळवारी शेजारचे काझनाव आले. म्हणाले, "वहिनी, दादांनी माझ्या चार ओळी छाटल्या. हात असा, की फांदीवरचा एक डोळा चुकला नाही! पण छाटणी थंडीत करायची हो, आता मे आहे. यंदा तिथे घड धरायचा नाही."

मी सायकलला कुलूप घातलं. आता हे रोज हेल्मेट घालून अंगणात बसतात आणि विचारतात, "मार्तीन, वाट बंद आहे का गं?" मी हो म्हणते, आणि शनिवारी पाद्रीबाबांपुढे ते खोटं कबूल करते.

तुमच्या गावच्या मठात आम्हा दोघांना एक खोली मिळेल का? तिकडे द्राक्षवेली कुठेच दिसत नाहीत, तेच बरं. उलट टपाली कळव.

तुझी मार्तीन