करंगळीच्या बाजूची नस

मेडिकलचं वसतिगृह, नागपूर
रविवार, १९ फेब्रुवारी १९८४

सौ. सत्यभामा वहिनीस,
धाकटा दीर टेकचंद याचा नमस्कार.

तुम्ही एकोडीहून माहेरी गेलात त्याला वर्ष झालं, आणि वर्षभरातलं हे माझं पहिलं पत्र. रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. कोंढ्याला तुमच्या माहेरी सगळे बरे असतील. तुमच्या भावाचा, परसरामभाऊंचा हरभरा निघाला का? मी इकडे ठीक आहे. मेसमधली भाजी कशाची होती हे जेवण झाल्यावरसुद्धा कळत नाही. साकोलीच्या शाळेत जायचो तेव्हा तुम्ही डब्यात लाखोरीच्या डाळीचे वडे द्यायचात, त्यांची फार आठवण येते.

सध्या आम्हाला हात शिकवतात. वहिनी, हात ही काय भानगड आहे ते आत्ता कुठे कळतंय, म्हणजे खरं तर कळत नाहीच. मनगटासकट सत्तावीस हाडं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू पंज्यात नाहीतच, ते कोपराखाली. तिथून दोऱ्या निघतात आणि मनगटावरून बोटांच्या टोकापर्यंत जातात. पंज्याच्या आत, हाडांच्या मधल्या जागेत, बारीक बारीक स्नायू आणखी वेगळे. बोटं पसरायची, जवळ आणायची, चिमटीत काही घट्ट धरायचं, ही कामं त्यांची. माझा जोडीदार बाबुलाल वरठीचा आहे. तो पुस्तक वाचतो आणि मी टेबलावरच्या हातातली एकेक दोरी चिमट्यानं उचलतो. तो म्हणतो ही, मी म्हणतो ती. काल आम्ही दोघंही चुकलो. ती दोरी नव्हतीच, नस होती. सर म्हणाले, "जिवंत माणसाच्या हातावर ही चूक करू नका." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ती नस करंगळीच्या बाजूची. कोपर भिंतीला आपटलं की मुंग्या येतात ना, तिथे ती हाडामागून खाली उतरते आणि मनगटाच्या करंगळीकडच्या कडेनं पंज्यात शिरते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्याचं कळणं तिच्याकडे. अर्धंच बोट! मी सरांना दोनदा विचारलं. ते बारीक स्नायूही बहुतेक तिच्याच ताब्यात. ती गेली की शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वाकतात. त्यातही घोळ असा, की नस जितकी खाली, पंज्याजवळ तुटेल, तितकी बोटं जास्त वाकडी दिसतात. कारण वरचे मोठे स्नायू शाबूत असतात आणि ते टोकांना ओढत राहतात. म्हणजे दिसायला जास्त वाईट, ती इजा खालची. हे मी तीनदा वाचलं आणि तीनदा उलटं समजलो.

तर अभ्यासासाठी मला तुमच्या डाव्या हाताची थोडी मदत हवी आहे. डोळे मिटून बसा आणि परसरामभाऊंना धानाचं कुसळ हळूच टोचायला सांगा. आधी हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या अंगानं. मग तळहाताकडून करंगळीला, मग शेजारच्या बोटाच्या दोन्ही कडांना. कुठे कळतं आणि कुठे नाही ते लिहा. कोपराच्या त्या खाचेत नस दोन्ही हातांना सारखीच लागते की डावीकडे जाड लागते तेही पाहा. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का? शेवटी एक कागद अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेत घट्ट धरा आणि भाऊंना ओढायला सांगा. मनगटावर एखादा जुना व्रण असला तर तोही कळवा.

मागच्या वर्षी घरात तुमच्या हाताला महारोग म्हटलं गेलं. ते कुठून सुरू झालं कोणास ठाऊक. गावात एक बोलतो आणि दहा जण माना डोलावतात.

आईनं कळवलं की दादाचं दुसरं लग्न वैशाखात लाखांदूरकडे ठरतंय आणि पंचांपुढच्या सोडचिठ्ठीचा कागद तुमच्या सहीसाठी पाठवला आहे. मी काय बोलणार? सही करा असं म्हणत नाही. करू नका म्हणायचा मला हक्क आहे की नाही तेही कळत नाही. फक्त तुमचं उत्तर मला मिळेपर्यंत तो कागद तसाच राहू द्या.

आपला,
टेकचंद


कोंढा
२ मार्च १९८४

टेकचंद भाऊजीले सत्यभामाचा नमस्कार.

पत्र भेटलं. पोस्टमननं फाटकावरूनच फेकलं. आता सवय झाली. अक्षर वाकडं आहे, चौथीच शिकली मी, आन कागद दाबून धराले डावा हात साथ देत नाही.

तुम्ही लिहिलं तसं समदं केलं. परसराम कुसळ टोचत गेला. हाताच्या मागून लागते, करंगळीच्या बाजूनंही चांगलं लागते. तळहाताकडून करंगळीले काहीच नाही. शेजारच्या बोटाले अर्ध्याले लागते, अर्ध्याले नाही. परसराम म्हणे, हे टेकचंदले नागपुरात बसून कसं दिसलं? कोपरातली नस दोन्हीकडं सारखी. अंगावर चट्टा कोठीच नाही, माझी भावजय मंगलानं पाहून घेतलं.

कागदाचं असं झालं. घरात कोरा कागद नव्हता, म्हणून तुमच्या घरून आलेला सोडचिठ्ठीचाच घेतला. डाव्या हातात धरला आन परसरामनं ओढला. अंगठ्याचं पेर वाकलं, लय जोर लावला, तरी सुटून गेला. मंग उजव्या हातात धरला. तो सुटला नाही, फाटला. पंचाइले सांगून द्या.

आता माझं ऐका. व्रण आहे का म्हणून मले काहून पुसता? मागच्याच्या मागच्या कापणीत तुमच्या धानाच्या बांधीत विळा लागला तं मनगटाले तुम्हीच आपला दुपट्टा बांधला. नत्थू कंपाउंडरकडं टाके घालाले तुम्हीच घेऊन गेले. इसरले का? आन ते कुठून सुरू झालं हे तुमाले ठाऊक नाही म्हणता. मी चुलीपाशीच बसून होती भाऊजी. मी ऐकलं.

पत्रात अभ्यास लिहिता. माझा हात तुमच्या पुस्तकात कसा गेला ते सांगा. आन हे महारोग नसन तं तसं कागदावर लिहून पाठवू नका. इथं विहिरीवर बायका मले दोर देत नाहीत, वरून पानी ओततात. तुम्ही तोंडानं बोलले होते, तं इथं येऊन तोंडानंच बोला. एकोडीले येईन का नाही ते मी मंग पाहीन.

सत्यभामा


नागपूर
बुधवार, २१ मार्च १९८४

वहिनी,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो आहे असं समजा.

तुमचं पत्र आधी सरांना वाचून दाखवलं. सोडचिठ्ठीचा कागद फाटल्याचं ऐकून ते हसले, मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, हा मनगटाशी तुटलेल्या नसेचा हात दिसतो. हाताच्या मागच्या बाजूला जाणारी फांदी मनगटाच्या चार बोटं वरच फुटते, म्हणून तिथे तुम्हाला कुसळ लागलं. कुष्ठरोगात ही नस बहुतेक वेळा कोपराशी धरते, जाड होते, आणि मग मागची बाजूही बधिर होते. तरी हात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारणार नाही, इकडे घेऊन या, असंही म्हणाले. आणि म्हणाले, तो रोग असता तरी त्याला औषध आहे, घरातून कोणाला काढायची गरज नव्हतीच. हे ऐकताना मी जमिनीकडे पाहत होतो.

मी विसरलो नव्हतो. धान कापताना डाव्या मुठीत जुडी धरायची आणि खालून विळा ओढायचा, म्हणजे करंगळीची कड सगळ्यात खाली, विळ्याच्या वाटेत. दर कापणीला कोणाचं ना कोणाचं तिथेच कापतं. तुमची जखम तीन आठवड्यांत भरली आणि आम्ही सगळे ती गोष्ट झाली म्हणून मोकळे झालो. बोटं वाकायला लागली ती संक्रांतीनंतर. जखम कधीची आणि बोटं कधीची! दोन्ही एकाच हाताला आहेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग त्या दिवशी तुम्ही भाताचा गंज चुलीवरून उतरवला. करंगळी भाजली, फोड आला, आणि तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही हसून म्हणालात, "माझं बोट झोपलं वाटते." आदल्या आठवड्यात आमच्या शाळेत भिंतीवर एक चित्र लावलं होतं. वाकडी बोटं, भाजलेला हात, आणि खाली लिहिलेलं की दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, तपासून घ्या. मला तो चित्रातला हात आठवला. ज्या हाताला मी स्वतः दुपट्टा बांधला तो आठवला नाही. मी बारावी सायन्सचा, घरात काही वाचायचं असलं की माझ्याकडे यायचं. मी आईला म्हणालो, "हा महारोग होय." चित्रावर तपासून घ्या लिहिलं होतं, ते मी सांगितलंच नाही. तुमच्यासाठी वेगळं जर्मनचं ताट साकोलीच्या बाजारातून आणलं तेही मीच. मला वाटत होतं मी फार शहाणपणाचं काम करतो आहे.

सगळ्यात अवघड ते आता लिहितो. पहिल्या पत्रातही लिहिणार होतो, पण बोटांच्या आणि दोऱ्यांच्या गोष्टी सांगत बसलो. तुटलेली नस पहिल्या काही महिन्यांत जोडली तर पुष्कळ फायदा होतो. आता सव्वा वर्ष उलटलं. सर म्हणतात, दुसरीकडची दोरी फिरवून बोटं सरळ करायची शस्त्रक्रिया होते, चिमटीचा जोरही थोडा येईल. पण पंज्यातले ते बारीक स्नायू परत येतील असं ते सांगत नाहीत, आणि करंगळीचं कळणं बहुतेक गेलं. मी तेव्हा एवढंच म्हणालो असतो की मला समजत नाही, नागपूरला दाखवू, तर तीन महिन्यांच्या आत तुमचा हात इथे आला असता. मी नाव सांगून मोकळा झालो आणि सगळ्यांचं बघणं थांबलं. घर तर गेलंच, हातही माझ्यामुळे गेला. याची माफी कशी मागतात मला माहीत नाही.

होळीला एकोडीला जाऊन आलो. दादा आणि आईला समोर बसवून हे सगळं सांगितलं, माझाच हात पुढे करून नस कुठून जाते ते दाखवलं. आईनं माझा हात पालथा करून पाहिला. मग म्हणाली, "तवा तूच म्हणे, आता तूच म्हणून राहिला. मी कोणतं खरं धरू?" मग ती आत गेली आणि रडली. तुमच्यासाठी रडली की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही.

दादानं एवढंच विचारलं, "तिले दुखते का?" मी म्हणालो, करंगळीला काही कळतच नाही. तो उठून गोठ्यात गेला आणि उगाच बैलाचं दावं सोडून पुन्हा बांधत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं लाखांदूरला निरोप पाठवला की वैशाखातलं होणार नाही. माझ्याबरोबर कोंढ्याला येतो म्हणत होता. मी म्हणालो, वहिनींनी बोलावलं तरच. ही गोष्ट मी बरी केली की वाईट, तेही मला ठरवता येत नाही. तुम्ही ठरवा.

तुम्ही म्हणालात तसं कागदावर काही लिहून पाठवत नाही. रविवारी, २५ तारखेला, सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याला आणि तिथून पवनीच्या एस.टी.नं कोंढ्याला येतो. बायका पाणी भरायला असतील त्या वेळेला मला विहिरीवर घेऊन चला. काय बोलायचं ते पाठ करायला बसलो होतो, पण पाठ केलेलं मी ऐन वेळी विसरतो. जे झालं तेच सांगेन, कोणी केलं ते नावासकट सांगेन. कोणी विचारलं की तेव्हा खोटं होतं तर आताचं खरं कशावरून, तर माझा विळ्याचा व्रण नसलेला हात आणि तुमचा व्रण असलेला हात शेजारी धरेन. मग सरांकडे केव्हा यायचं, यायचं की नाही, ते तुमच्या मनावर. हात तुमचा आहे.

दुपारी तुमच्याकडेच जेवेन. ते जर्मनचं ताट तुमच्याबरोबर दिलं होतं, ते अजून असलं तर मला त्यातच वाढा. तुम्ही घरच्या पितळी ताटात घ्या.

तुमच्या हाताला दुपट्टा बांधणारा
आणि तो शब्द बोलणारा,
तुमचा टेकचंद