दारात न मावणारी कमान

आणि दाजी, तुम्ही फोन आपटलात म्हणजे माझं बोलणं संपलं असं समजू नका. फोन तुमचा होता, आपटलात. पत्र खुशाल आपटा, आवाजसुद्धा येणार नाही. मी पुन्हा तेच सांगतो. ट्रॅक्टरच्या सीटमागची लोखंडी कमान ही काही शोभेला लावलेली नव्हती. ती शेडच्या दारातून आत जाईना, तर माणूस दार फोडतो. तुम्ही कमान कापलीत! आणि आता ती अंगणात रोवून ताई तिच्यावर चादरी वाळत घालते, हे ताईनेच मला मोठ्या कौतुकाने कळवलं. दार तुम्ही स्वतःच्या हातांनी बांधलंत, मान्य. पण स्वतःच्याच उंचीचं बांधलंत, त्याला कमानीने काय करावं?

नमस्कार राहिलाच. दोघांनाही वाकून नमस्कार, तुम्हाला या वेळी जरा कमी वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची पाठ? ट्रॅक्टरचा ब्रेक? (तिघांची चौकशी एकदमच करतो, तिघंही सारखेच कुरकुरतात.) माझी तब्येत झकास आहे. मान फक्त डावीकडे वळत नाही, पण माझं सगळं काम उजवीकडेच असतं. ती मान का वळत नाही तेच सांगायला हा कागद घेतलाय. अक्षराला हसू नका. शाळेने मला लवकर सोडलं की मी शाळेला, हा वाद आपल्या घरात अजून मिटलेला नाही.

तर मी सध्या एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. (दात काढायला नाही, बागेत.) म्हातारपणी करमणूक म्हणून त्यांनी उतारावरचा लहानसा तुकडा घेतला, त्यात फळझाडं लावली आणि एक छोटा ट्रॅक्टर घेतला. तो चालवणारा मी, पुसणारा मी, बिघडला तर शिव्या देणाराही मीच. डॉक्टर मनाने फार मोठे आणि पोटानेही. पण त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट दातच वाटते. कुंपणाचे खांब वाकडे दिसले की म्हणतात, याला तार लावायला हवी. बागेच्या मधोमध एका वाळलेल्या झाडाचं खोड होतं, त्याच्याकडे बघून तर रोज हळहळायचे. म्हणायचे, किडलेली दाढ आहे रे, शेजारच्यांना पण घेऊन जाईल.

एक दिवस ठरलं, दाढ काढायची. मी साखळी घेतली आणि खाली वाकून मागच्या हुकात अडकवायला लागलो, तर डॉक्टर म्हणाले, "अरे, खालून काय ओढतोस? दाढ कधी खालून निघते का? वर उचलायची, वर!" आयुष्यभर ज्यांनी दाढा उपटल्या त्यांच्यापुढे मी काय बोलणार? शिवाय मला पण ते पटलं. (खोटं कशाला बोलू, मला त्यांच्यापेक्षा जास्त पटलं.) मी साखळी काढली आणि वरच्या बाजूला, अवजाराचा वरचा दांडा बसतो त्या टॉपलिंकच्या पिनेला अडकवली. मग सीटवर बसलो, पट्टा करकचून आवळला, आणि क्लच सोडला.

दाजी, खोड हललं नाही. मागची चाकंही जागची हलली नाहीत. उठलं ते पुढचं तोंड. रेडिएटरच्या वर आभाळ दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं, वा, जोर लागला! आणखी थोडा लावावा म्हणून मी पाय दाबला. त्यानंतर मला विचार करायला वेळच मिळाला नाही, कारण ट्रॅक्टर मागच्या मागे माझ्यासकट पालथा झाला. आमच्याही सीटमागे कमान होती, तिचे वरचे दोन कोपरे मातीत रुतले आणि सगळं धूड तिथेच थांबलं. मी खाली डोकं वर पाय, वटवाघळासारखा. डोकं आणि जमीन यांच्यामध्ये फार तर एक टोपी बसली असती. चाचपडत हात घालून मी इंजिन बंद केलं, हे मात्र लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही.

डॉक्टर धावत आले, गुडघ्यावर बसले, मान तिरकी करून माझ्या तोंडापाशी तोंड आणलं आणि म्हणाले, "तोंड उघड." मी उघडलं. काय करणार, इतक्या मायेने म्हणाले. त्यांनी आत नीट पाहिलं आणि म्हणाले, "सगळे जागेवर आहेत." मगच रडायला लागले. मी उलटा लटकून त्यांची समजूत काढत होतो, तोवर रस्त्यापलीकडच्या गॅरेजचा मिस्त्री आवाज ऐकून आला, त्याने मला खांद्यावर झेललं आणि पट्टा सोडला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आधी कमान बघितली. ती वाकली होती. म्हणाला, ही आता फेकून द्या, हिने तुझ्या वाटणीचा मार खाल्लाय, पुन्हा खाणार नाही. डॉक्टर म्हणाले, ठोकून सरळ करू, वेल्डिंग करू. त्यावर मिस्त्रीने विचारलं, "तुम्ही पडलेला दात डिंकाने चिकटवता का?" तेव्हा डॉक्टरांना पटलं. नवी कमान आली, कंपनीचीच.

आता ऐका, तुमचा मेव्हणा कुठे पोचलाय. आसपासचे सगळे छोटे बागवाले सुट्टीच्या दिवशी आमच्या फाटकाशी येतात आणि मी त्यांना शिकवतो. मला इथे उलटेमास्तर म्हणतात! दाजी, ज्याला शाळेत बाकावर उभं करायचे, त्याच्यासमोर आता लोक उभे राहतात. मी ट्रॅक्टरभोवती हात मागे बांधून फिरतो आणि सांगतो, ओढायचं ते खालच्या हुकानेच. उताराला आडवं जायचं नाही. कमान असेल तर पट्टा लावायचाच, आणि कमान नसेल तर पट्टा अजिबात लावायचा नाही, कारण मग तुम्ही स्वतःलाच त्या धुडाखाली बांधून ठेवता. हे शेवटचं मुद्दाम तुमच्यासाठी. कमान गेली तर गेली, पट्टा लावतो की, असं तुम्ही फोनवर छाती काढून म्हणालात ना? त्याचंच उत्तर मी देत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी स्वतःची विजार सांभाळायला शीक, मग मला ट्रॅक्टर शिकव," आणि फोन आपटलात. तुमच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर माझी विजार सुटली, तेव्हा मी केवढा होतो? तेच अजून धरून बसलाय. असो. शिकलेल्या माणसाने राग धरू नये, म्हणून मी धरत नाही.

तुमचा एकुलता एक मेव्हणा,
उलटेमास्तर

ता. क. ताई जेवणाचा डबा घेऊन मडगार्डवर बसून बांधाच्या चढाने येते, हे तिनेच लिहिलंय. वारा छान लागतो म्हणे. दाजी, मला कमान होती. तिला तिथे काहीच नाही. तुमच्याशी मी पुढच्या जन्मीही भांडेन, पण तिला आजपासून चालत येऊ द्या. ट्रॅक्टर सपाटीवरच ठेवा. नवी कमान बसली तरी तिने मडगार्डवर बसायचं नाही, कमान फक्त सीटवाल्याला वाचवते.

ता. क. दुसरा. कापलेली कमान जोडू नका, ती चादरींना राहू द्या. नवी आणा आणि दार फोडा. फोडायला मी येईन, तुमच्याच्याने ते होणार नाही.

ता. क. तिसरा. हा ताईला वाचून दाखवू नका. त्या दिवशी मी पट्टा लावला तो जीव वाचवायला नव्हे. माझी विजार फाटली होती आणि अंगात डॉक्टरांची जुनी होती, तिच्यात मी दोनदा मावतो. नाडी नव्हती, म्हणून पट्टा आवळला. मिस्त्रीने तो सोडला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर आलो आणि विजार डॉक्टरांच्या हातात. तेव्हा तुमचंच खरं, विजार सांभाळली म्हणून वाचलो. नवी शिवायला ठेवलेले पैसेही तुमच्या नव्या कमानीच्या पैशांत घातलेत, त्यामुळे अजून डॉक्टरांचीच घालतो आणि पट्टा रोज न चुकता लावतो. सगळे मिळून चौदा हजार पाठवतोय.